गोणीच्या गळ्यातली सुतळी

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज स्वतःवर जाम खूश आहे, म्हणून कित्येक दिवसांनी ही वही उघडली.

संध्याकाळी कांदा-बटाटा मार्केटातले तीन माथाडी कामगार गोणपाटाच्या झोळीत घालून एक कुत्री माझ्या दवाखान्यात घेऊन आले. बीगल जातीची, नऊएक वर्षांची, चांगली गोल. चार वर्षांपूर्वी कुणीतरी तिला मार्केटच्या गेटपाशी सोडून गेलं, तेव्हापासून ती ह्यांच्या टोळीची. नाव विचारलं तर म्हणे गोणी. मी म्हटलं, केसपेपरवर असंच लिहू?

"मग काय लिवनार? गोणीवानी गोल हाय आन् गोणीवरच झोपती," टोळीचे मुकादम ज्ञानू बाबर म्हणाले. साठीला टेकलेला माणूस, साताऱ्याकडचा, मान बैलासारखी आणि आवाज अगदी हळू.

तक्रार अशी, की लघवी लाल होते आणि ती थेंबथेंब करत सारखी बसते. महिनाभर ह्यांच्या लक्षातच आलं नाही, कारण गाळ्यात खाली सगळीकडे लाल कांद्याची सालं. मी विचारलं, ही राहते कुठे? कांद्याच्या गाळ्यात. झालं! एका मिनिटात निदान. कांदा कुत्र्यांना विषारी असतो, रक्तातल्या लाल पेशी फोडतो आणि लघवी लाल होते. परळला कॉलेजात शिकलेलं असं फळासारखं हातात पडायला नशीब लागतं. लघवीची नळी भरून ठेवली होती, पण ती बघायची गरजच उरली नाही. ओतून दिली.

ज्ञानूकाका म्हणाले, "पर बाई, ती कांद्याला तोंड लावत न्हाई. वास आला तरी शिंकती."

"काका, चोवीस तास तिच्या तोंडाकडे बघत बसता का?" मी म्हटलं. गोणीला बटाट्याच्या बाजूला हलवा असं सांगितलं आणि रक्तवाढीचं औषध दिलं.

२३ नोव्हेंबर

टोळीतला सगळ्यात लहान, राजवर्धन, फोटो दाखवायला आला. बीए झालेला आहे आणि पन्नास किलोची गोणी उचलतो. फोटोत गोणी बटाट्याच्या पोत्यांवर बसलेली, आणि कांद्याच्या बाजूला माणसाच्या कमरेइतकी भिंत. बटाट्याच्या गोण्यांची! सहा जणांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रचली म्हणे. मी हसले. पण इतकं तंतोतंत ऐकणारं गिऱ्हाईक मला आजवर मिळालं नाही. बंगल्यातले लोक तर गोळीसुद्धा इंटरनेटला विचारून देतात.

लघवी अजून लालसर आहे. वेळ लागतोच.

९ डिसेंबर

गोणी परत आली. कांद्यापासून पंचवीस दिवस लांब आणि लघवी तशीच लाल. म्हणजे कांदा नव्हता. बरं, मग जंतुसंसर्ग. वयस्कर मादी, थेंबथेंब लघवी, पुस्तकात लिहिल्यासारखंच आहे. दहा दिवसांचं ॲन्टिबायोटिक सुरू केलं.

कांद्याचं चुकलं हे त्यांना सांगितलं नाही. "दोन्ही असू शकतं" असं काहीतरी बोलले. ज्ञानूकाकांनी मान डोलावली. ती बटाट्याची भिंत काढू का, असं विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

१९ डिसेंबर

फरक आहे! लघवी पिवळी. गोटीराम (टोळीतला सगळ्यात धिप्पाड, दाराच्या चौकटीत मावत नाही) एक भला मोठा फ्लॉवर घेऊन आला. आभार म्हणून. मी फार ताठ मानेने घेतला.

८ जानेवारी, बुधवार

परत लाल. आज थेंबही पडत नव्हते, नुसती कुंथत होती आणि माझ्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा तेच टेबल. मी ॲन्टिबायोटिकच्या पाकिटाकडे हात नेला आणि मागे घेतला.

नळीत लघवी घेतली आणि ह्या वेळी ओतली नाही. स्टँडमध्ये उभी ठेवली. दहा मिनिटांत लाल गाळ तळाशी बसला आणि वर स्वच्छ पाणी. म्हणजे पेशी अख्ख्या आहेत, कुठूनतरी रक्त वाहतंय. कांद्याने पेशी फुटल्या असत्या तर सगळी नळी लालच राहिली असती. दहा मिनिटं. चौदा नोव्हेंबरला माझ्याकडे दहा मिनिटं नव्हती का? त्या दिवशी मी स्वतःवर खूश होण्यात किती मिनिटं घालवली?

उद्या नेरूळला श्रुतीकडे सोनोग्राफी.

९ जानेवारी

सोनोग्राफीला लघवीची पिशवी भरलेली लागते. गोणी तर दर दहा मिनिटांनी बसते. राजवर्धनने तिला टेम्पोत मांडीवर घेऊन वाशी ते नेरूळ थोडं थोडं ताक पाजत आणलं आणि टेम्पो थांबल्या थांबल्या उचलून थेट टेबलावर. गोटीरामने तिला उताणं धरलं. ते धरणं बघण्यासारखं होतं. पोटावर बोटसुद्धा टेकत नव्हतं, सगळा भार तळहातांवर आणि कोपरांवर. श्रुती माझ्याबरोबर कॉलेजात होती आणि फार कुणाचं कौतुक करत नाही, तीही म्हणाली, "ह्यांना आमच्याकडे नोकरीला पाठव."

मग पडद्यावर ते दिसलं. पिशवीच्या तोंडाशी, दोन्ही मूत्रपिंडांच्या नळ्या येऊन मिळतात त्याच कोपऱ्यात, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ. श्रुतीने आवाज हळू केला. "ईश्वरी, पोटातून सुई घालू नकोस हं. सुईच्या वाटेने पेशी पसरतात. खालून नळी घालून घे."

नळी घालून हलकेच ओढून पेशी घेतल्या आणि लॅबला पाठवल्या. मला रिपोर्टची गरज नाही. पण मागे असंच म्हणून तोंडावर पडले आहे, म्हणून वाट बघते.

१४ नोव्हेंबर ते ९ जानेवारी. छप्पन्न दिवस. त्यांना सांगायला हवं. रिपोर्ट आला की सांगते.

१६ जानेवारी

मूत्राशयाच्या अस्तराचा कॅन्सर.

१८ जानेवारी, शनिवार

सहाही जण आले. आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून, जणू मुलगी बघायला आलेत. बाकं पुरली नाहीत. गोणी मध्ये, आपलं गोणपाट पसरून.

मी सांगितलं की गाठ अशा जागी आहे की कापून काढता येत नाही. पूर्ण बरं करणारं औषध नाही. पण एक सुजेवरचं औषध आहे, ते ह्या गाठीवरही चालतं, रोज पोटभर खाल्ल्यावर द्यायचं. आणि दर तीन आठवड्यांनी शिरेतून एक इंजेक्शन, अशी चार. बऱ्याच कुत्र्यांमध्ये गाठ लहान होते किंवा थांबते. माणसांसारखे केस जात नाहीत, फार आजारीही पडत नाहीत. चांगले दिवस मिळतात.

"किती?" ज्ञानूकाका.

"सहा महिने. कधी वर्ष. कधी कमी."

ते हाताची बोटं चोळत बसले. मग म्हणाले, "मे महिन्यात मी रिटायर होतोय. पाटणच्या वर डोंगरात गाव हाय आमचं. चार वर्सं हिला सांगतोय, गोणे, तुला गावाला न्हेतो, तितं गोण्या न्हाईत, ट्रक न्हाईत, नुसतं गवात. मे गाठंल का ती?"

मी म्हटलं, गाठवायचा प्रयत्न करू. असल्या वेळी डॉक्टर जो आवाज काढतात तो काढला.

छप्पन्न दिवसांचं सांगितलं नाही. सहा माणसं माझ्याकडे अशी बघत होती की तोंडच उघडेना. भित्री आहे मी. हे इथे तरी लिहून ठेवते.

२५ जानेवारी, शनिवार

रक्ततपासणी ठीक. पहिलं इंजेक्शन. मोठ्या हॉस्पिटलातल्या कॅन्सरवाल्या डॉक्टरांना दोनदा फोन करून डोस पक्का केला, मग स्वतः तिसऱ्यांदा मोजला. औषध निळं असतं, शाईसारखं. सलाइन चालू असताना गोटीरामने गोणीचा पाय दोन बोटांत धरून ठेवला होता, चाळीस मिनिटं, न हलता. एरवी ती बोटं लोखंडी आकडा धरतात. घाम कपाळावरून डोळ्यांत गेला तरी पुसला नाही.

तीन दिवस लघवीत औषध उतरतं, हातमोजे घाला, जागा भरपूर पाण्याने धुवा, असं सांगितलं. राजवर्धनने वहीत लिहून घेतलं. रोजच्या औषधाच्या चौदा पुड्या बांधून दिल्या. वर लिहिलं, "रोज एक, जेवणानंतर."

३ फेब्रुवारी, सोमवार

आज ओरडले. नको तितकी.

गोणीला उलट्या आणि शी डांबरासारखी काळी. म्हणजे जठरात रक्तस्राव. ह्या औषधाचा तोच धोका, म्हणून तर मोजून पुड्या दिल्या होत्या. डबा मागवला तर रिकामा! चौदा दिवसांच्या पुड्या नऊ दिवसांत संपल्या.

"दोनदोनदा दिलीत? कुणी दिली?"

तिघांनी हात वर केले. कुणी खोटं बोललं नाही, कुणी दुसऱ्याकडे बोट दाखवलं नाही. मग ज्ञानूकाकांनी समजावलं. टोळीत कुणाची गोणी उचलायची राहिलेली दिसली, तर ती कुणाची, का राहिली, असं विचारायचं नाही. जो रिकामा असेल त्याने उचलायची. विचारणं म्हणजे त्या माणसाला कमी लेखणं. तसंच डब्यात पुडी दिसली, गोणी समोर दिसली, वाटलं राहिली असेल. दिली.

असली चूक आख्ख्या नवी मुंबईत फक्त हेच लोक करू शकतात. एकही माणूस आळशी नाही म्हणून कुत्री मरायला टेकली.

मी तावातावाने म्हटलं, विचारायला काय जातं तुमचं? गोटीरामचे डोळे भरले. एवढा मोठा माणूस, रडतानाही आवाज नाही.

घरी आल्यावर उमगलं की "रोज एक" लिहिलं होतं, पण कुणी द्यायची ते लिहिलं नव्हतं. ह्याही वेळी चूक अर्धी माझी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सलाइन आणि पोटाच्या औषधावर गोणी सावरली. शीचा रंग परत आला. शीचा रंग बघून आनंदाने ओरडणारी बाई बघून शेजारचा टेलर चक्रावला असेल.

दुपारी स्वतः मार्केटात गेले, औषध कसं देतात ते बघायला. काट्यापाशी एक खिळा ठोकलाय आणि त्यावर सुतळीचे तुकडे टांगलेत. एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, असं करत सातापर्यंत. "औषध दिलं की सुतळी गोणीच्या गळ्यात बांधायची," ज्ञानूकाका म्हणाले. "सुतळी दिसली की झालं. न्हाई दिसली की द्यायचं. कुनी कुनाला इचारायला नगो आन् चुकायलाही नगो. सकाळी सोडून परत खिळ्याला."

सात गाठी म्हणजे सात वार! मी मनातल्या मनात टाळी वाजवली. विचारायचं नाही हा ह्यांचा नियमही राहिला आणि डोसही चुकणार नाही. माझ्या पाच वर्षांच्या डिग्रीत मला हे सुचलं नसतं.

मला बसायला गोणपाट झटकून घातलं. चहा आला, सात ग्लास. इतकी सरबराई करतात ते गोणीसाठी, मी नीट बघावं म्हणून. त्यांना काय माहीत, मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुसरं इंजेक्शन. पुडी आजपासून परत सुरू, पहिली मीच दिली, भाकरीच्या तुकड्यात. निघताना गोटीरामने खिशातून सुतळी काढून गोणीच्या गळ्यात बांधली. मोजल्या. सात गाठी. शनिवार म्हणजे सातवा वार, बरोबर.

ह्या आठवड्यात दवाखान्याचं शटर अडकत होतं. काल सकाळी येऊन बघते तर सरळ. कुणी केलं? टेलर म्हणाला, तुमचे माथाडी आले होते. कशाला इतकं करतात? गोणीचं काही बरंवाईट झालं तर ह्या सगळ्याचं मी काय करू?

५ मार्च, बुधवार

रक्त घ्यायला मार्केटात गेले. गोणी उन्हात बटाट्याच्या पोत्यांवर. लघवी पिवळी, एका धारेत. ट्रकच्या चाकावर! मादी असून. गोटीराम म्हणतो ती कुत्र्यांना जळवते.

गळ्यात दोन गाठींची सुतळी. मी म्हटलं, "बुधवार आहे आज. चार गाठी हव्यात. हिशोबात कच्चे आहात तुम्ही लोक." राजवर्धन काहीतरी बोलायला गेला. ज्ञानूकाकांनी हसून त्याला गप्प केलं आणि म्हणाले, "असूंद्या बाई. औषध झाल्याशी कारन."

खरंच आहे. पण असली सुंदर युक्ती करून वार चुकवायचे म्हणजे काय!

२९ मार्च

चौथं आणि शेवटचं. आता सोनोग्राफी दोन आठवड्यांनी. एवढी माणसं मी कधी एका टेबलाभोवती बघितली नाहीत, आणि एवढी शांत. दर खेपेला निघताना तीच सुतळी, सात गाठींची.

१२ एप्रिल

अर्धी! गाठ निम्म्याहून लहान झाली. श्रुतीने तीनदा मोजली. दोन्ही मूत्रपिंडं साफ, कुठेही पसरलेलं नाही. बाहेर येऊन सांगितलं तर टोळी ओरडेल असं वाटलं होतं. ज्ञानूकाकांनी टोपी काढली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गोटीराम म्हणाला, "मे गाठतीय बगा."

मी श्रुतीला सांगितलं की माझ्यामुळे दोन महिने गेले. ती म्हणाली, ह्यात बरेच जण फसतात, लक्षणं तीच असतात. म्हटलं, मी फसले नाही, मी ऐकलं नाही. काकांनी सांगितलं होतं की ती कांदा खात नाही.

"मग त्यांना सांग ना. मला काय सांगतेस?"

१७ मे, शनिवार

सकाळी मार्केटात गेले. ज्ञानूकाका आज गावाला निघाले. छोटा टेम्पो, त्यात एक ट्रंक, पंखा, भांड्यांचं पोतं आणि ह्या सगळ्याच्या वर गोणपाट घालून गोणी. शेठ लोकांनी हार घातला होता, तो त्यांनी काढून गोणीच्या गळ्यात घातला. ती झेंडू खात बसली.

मी सहा महिन्यांच्या पुड्या दिल्या, तालुक्याच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली, सगळं दोनदा सांगितलं. बोलायचं ते राहतच होतं. टेम्पोवाल्याने गाडी चालू केली तेव्हा एकदम बोलून टाकलं. बाजारातल्या त्या गोंगाटात, जवळजवळ ओरडूनच.

"काका, पहिल्यांदा आलात तेव्हा मी चुकले. कांदा नव्हताच. तुम्ही सांगत होतात. मी ऐकलं नाही, नळी बघितली नाही, छप्पन्न दिवस घालवले. तेव्हाच कळलं असतं तर कदाचित अजून दिवस मिळाले असते तिला. मी लपवलं तुमच्यापासून."

ज्ञानूकाकांनी टेम्पोवाल्याला हाताने थांबवलं. "ठाऊक हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"सगळं. राजवर्धन शिकल्याला हाय. तुमच्याच कागदावर लिवलंय पैल्या दिवशी, कांदा. जानेवारीत तुमी गाठ सांगितली तवाच त्यानं वाचून दाखिवलं समद्यांना."

"मग बोलला नाहीत? एक अक्षर?"

"बाई, गोणी हातातनं पडली तर टोळीत कुनाच्या हातनं पडली म्हनून इचारत न्हाईत. समद्यांनी वाकायचं आन् उचलायची." मग म्हणाले, "पर ते तुमी आज बोलला, बरं क्येलं. ओझं लई दिस वागवलं तुमी."

मी काहीतरी करायचं म्हणून गोणीच्या गळ्यातली सुतळी चाचपली. एक गाठ. शनिवारी एक गाठ! मी नाक पुसत म्हटलं, "शेवटच्या दिवशी तरी वार बरोबर बांधायचा."

राजवर्धनला आता राहवेना. "मॅडम, वार नाहीत ते. माणसं आहेत. एक गाठ काकांची, दोन गोटीरामदादाची, सहा माझी. ज्याची पाळी त्याची सुतळी."

"तुम्ही तर सहा जण आहात."

गोटीराम जमिनीकडे बघत हसत होता. खिळ्यावर बाकीच्या सुतळ्या लोंबत होत्या. सातवी टोकाला.

"सातवी तुमची," ज्ञानूकाका म्हणाले. "ज्या दिशी काळी शी झाली आन् तुमी आमाला शिव्या घातल्या, त्याच दिशी ठरलं. इतकं रागं भरतंय ते मानूस टोळीतलंच असतंय."

गोटीरामने खिळ्यावरच्या सगळ्या सुतळ्या काढून ज्ञानूकाकांच्या खिशात कोंबल्या. गावाला ते एकटेच, पण पाळी सातांचीच राहणार. ज्याची पाळी असेल त्याला सकाळी फोन करणार, मगच पुडी देणार.

टेम्पो पुलाखाली वळेपर्यंत गोणी झेंडू चघळत होती.

दवाखान्यात येऊन केसपेपर काढला आणि लाल पेनाने लिहिलं: निदानास छप्पन्न दिवस उशीर, चूक माझी. खाली सही केली.

२३ मे

सकाळी सातला फोन. "बाई, आज तुमची पाळी." मी म्हटलं, "भाकरी खाल्ली का तिने आधी?" "खाल्ली." "मग द्या." मागून शालनकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज: कुत्रीला भाकरी पैली आन् मला चुलीम्होरं बसवलंय!

११ जुलै

पाळी. सकाळी काकांचा फोन. गोणीने डोंगरात ससा बघितला म्हणे. धरला नाही. पण चार वर्षं बटाटे बघितलेल्या कुत्रीला ससा ओळखता आला ह्याचंच ज्ञानूकाकांना कौतुक.

दिवाळे गावच्या वेणूबाई, मासे विकणाऱ्या, त्यांचा कुत्रा घेऊन आल्या. लाल लघवी. "मासोलीचं रगत चाटतंय, त्याचाच रंग हाय तो," असं त्यांचं ठाम मत. मी मान डोलावली, नळी दहा मिनिटं उभी ठेवली आणि त्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवला. खडा निघाला. वेणूबाईंना सांगितलं की तुम्ही सांगितलेलं सगळं कागदावर लिहिलंय. त्यांना फार बरं वाटलं.

२५ सप्टेंबर

परत लाल. गोणी जेवते, उन्हात बसते, पण वजन उतरलंय. पाटणला सोनोग्राफी झाली, फोटो फोनवर बघितले. गाठ वाढली आहे, एका बाजूची नळी दाबते आहे. अजून एका औषधाचा पर्याय काकांपुढे ठेवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गवात बगितलं तिनं बाई. आता तिला तरास नगो." आम्ही ठरवलं की लघवी अडली की इंजेक्शन देऊन तिला सोडवायचं, वाट बघत बसायचं नाही.

मी फोन ठेवून पुढचा पेशंट बघितला. आणि त्याच्या मालकाचं पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता ऐकलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काल रात्रीपासून लघवी अडली. सकाळी आठला तालुक्याचे डॉक्टर आले. मी फोनवर होते. त्यांनी आधी झोपेचं इंजेक्शन दिलं, मग दुसरं. ओट्यावर, गोणपाटावर, समोर डोंगर. काकांचा हात तिच्या हनुवटीखाली होता. फार शांतपणे झालं. डॉक्टर भले वाटले, घाई केली नाही त्यांनी.

निदानानंतर नऊ महिने. त्यातले पाच गवतात.

मग फोन काकांनी घेतला. मागे शालनकाकूंचं रडणं ऐकू येत होतं. मीही रडत होते, लपवलं नाही.

"बाई, आज पुडी न्हाई दिली."

"हो काका. आता कशाला."

"पर सुतळी बांदली व्हती सकाळी. आज पाळी कुनाची, ठाऊक हाय न्हवं?"

मला ठाऊक होतं. मेपासून कॅलेंडरवर दर सातव्या दिवसावर मी गोल करून ठेवला आहे.

"माझी," मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. "सोडली न्हाई. तशीच ठिवलीय तिच्या गळ्यात."